पहिला पीसी स्वतः जोडतेय, एसएमपीएस कुठला घेऊ?

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. आयुष्यातला पहिला पीसी स्वतः जोडतेय, बाकी सगळं ठरलंय पण एसएमपीएसपाशी (पीसीच्या सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) गाडी अडलीये. काम मुख्यतः ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), थोडं व्हिडिओ एडिटिंग, आणि रात्री धाकटा भाऊ गेम खेळणार. प्रोसेसर रायझन ५ ७६००, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी. वर्षभर पगारातून बाजूला टाकलेले पैसे आहेत त्यामुळे इथे चूक झाली तर परत उभं राहायला अजून एक वर्ष.

शनिवारी बाबांबरोबर पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन आले. दुकानदार म्हणाला ताई, कॅबिनेटबरोबर ५०० वॅटचा एसएमपीएस येतोच, तोच लावा, वेगळे चार-पाच हजार कशाला घालता, तेवढ्यात रॅम वाढेल. बाबांना ते लगेच पटलं. घरी येऊन वाचायला बसले तर कोणी म्हणतं ५५०, कोणी म्हणतं ७५० शिवाय बोलूच नका, वर ब्रॉन्झ की गोल्ड, मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) की साधा, डोकं भणभणलं. म्हणजे नेमकं बघायचं काय, वॅट बघायचे का ब्रँड बघायचा का तो सोनेरी स्टिकर?

आणि एक, ह्याचा संबंध आहे की नाही माहीत नाही. घरातल्या जुन्या पीसीच्या कॅबिनेटला अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात. आई म्हणते चप्पल घालून बस. लाइट गुरुवारी मेंटेनन्सला जातेच आणि पावसाळ्यात कधीही जाते. घरी इन्व्हर्टर आहे, त्यावर नवा पीसी चालेल का?

सोल्डरगन

ताई, कॅबिनेटबरोबरचा घेऊ नका. कसब्यात माझं रिपेअरचं बेंच आहे, एसएमपीएस, मॉनिटर, इन्व्हर्टरची कार्डं हेच रोज हातात असतं म्हणून सांगतोय.

वर छापलेले ५०० वॅट सोडून द्या. खोक्याच्या बाजूला एक तक्ता असतो, त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशा लाइन आणि प्रत्येकीखाली अँपिअर. तुमचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरून घेतात. तेव्हा १२ ला त्याच्याखालच्या अँपिअरने गुणायचं. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ पूर्ण आकडा तिथेच मिळतो. फुकटातल्या ५०० वर बऱ्याचदा १८ अँपिअर दिसतील, १२ गुणिले १८ म्हणजे २१६. उरलेले वॅट कुठे गेले तर ५ आणि ३.३ च्या लाइनवर, जिथे आजच्या पीसीला त्यांची गरजच नाही, आणि तेही खरे मिळतील की नाही कोण बघतंय.

आता तुमची गरज. ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो ८८ पर्यंत घेतो. ४०६० चे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास धरा. अडीचशेच्या आसपास. म्हणजे ५५० चा चांगला एसएमपीएस निम्म्या लोडवर आरामात बसेल. ७५० ची काही गरज नाही.

दुसरी गोष्ट प्रोटेक्शनची, आणि मला विचाराल तर पैसे ह्याच्यासाठी मोजायचे. चांगल्या एसएमपीएसला व्होल्टेज वर गेलं, खाली आलं, करंट जास्त झाला, शॉर्ट झाला, गरम झाला, ह्यातलं काहीही झालं की तो स्वतः बंद पडतो. १२ व्होल्टची लाइन साधारण ११.४ ते १२.६ मध्येच राहायला हवी, एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसच्या) स्टँडर्डमध्येही जवळपास हेच आहे. लोकलमध्ये हे सर्किट एकतर नसतं नाहीतर नावाला असतं. मग आतला पार्ट गेला की ते व्होल्टेज सरळ बोर्डात. माझ्याकडे माणूस बंद पडलेला एसएमपीएस घेऊन येतो आणि मला त्याला सांगावं लागतं की बोर्डही गेलाय. ते सांगताना जीवावर येतं हो, बहुतेक वेळा समोर विद्यार्थी असतो.

दुकानात उभं राहून ओळखायची एक सोपी खूण, मागे ११५/२३० चा लाल स्विच दिसला की तो डबा खाली ठेवा. म्हणजे आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नाही, जुन्या पद्धतीचं डिझाइन आहे. आणि चुकून तो स्विच ११५ वर राहिला आणि आपली २३० ची लाइन लावली की बार उडतो, अक्षरशः.

रात्रपाळी

वरच्या दादांनी लिहिलंय ते माझ्या घरात घडलंय म्हणून लिहितोय.

बहिणीच्या एमएस्सीच्या वेळी तिला असेंबल करून दिला होता, मीच पार्ट निवडले होते. शेवटी बजेट पुरेना म्हणून एसएमपीएस स्वस्तातला घेतला, नाव गाजलेलं नव्हतं पण डब्यावर सगळं चकचकीत होतं. सात-आठ महिने एकदम व्यवस्थित चालला. मग मे महिन्यात दुपारी, बाहेर ऊन रणरणतंय, खोलीत पंखा गरम हवा फेकतोय, ती रिझल्टचे तक्ते करत बसलेली आणि एकदम फट्ट असा आवाज, जळका वास आणि स्क्रीन काळी. एसएमपीएस गेला, बोर्ड गेला आणि हार्ड डिस्कची सर्किट प्लेट गेली. बोर्ड परत घेता येतो. डेटा निम्मा पेन ड्राइव्हवर होता, निम्मा गेला तो गेलाच, तिने तीन आठवडे लॅबमध्ये परत बसून काढला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं कारण वाचवले किती तर अडीच हजार.

धायरीताई, रॅम नंतर वाढवता येते, एक पट्टी सहा महिन्यांनी घाला. एसएमपीएस पहिल्या दिवसापासून चांगला हवा.

धायरीफाटा

बापरे. तुमच्या बहिणीचं वाचून पोटात गोळा आला.

आज ऑफिसवरून येताना परत दुकानात गेले आणि त्या कॅबिनेटबरोबरच्या एसएमपीएसचा तक्ता बघितला. १२ व्होल्टखाली १६ अँपिअर! म्हणजे १९२ वॅट. वर मोठ्या अक्षरात ५००. आणि मागे लाल स्विच. बाबांना फोटो दाखवला, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले वेगळा घे.

आता ब्रॉन्झ आणि गोल्डचं सांगा ना कोणीतरी. फरक दीड-दोन हजारांचा आहे.

पिंपळेसौदागर_७५०

मी तर म्हणेन सरळ ७५० गोल्ड घ्या आणि दहा वर्षं विसरून जा. उद्या कार्ड बदलावंसं वाटलं तर परत एसएमपीएसचा खर्च नको. मी तेच केलंय आणि पस्तावलो नाही. आजकालचे एटीएक्स ३.० किंवा ३.१ वालेच घ्या, नवीन कार्डं क्षणभरासाठी एकदम दुप्पट वगैरे ओढतात ते झटके सोसायची त्यांच्यात सोय असते.

सोल्डरगन

सौदागर दादा, दहा वर्षांचा विचार चांगलाच आहे पण ताईंचं बजेट बांधलेलं आहे, म्हणून थोडं उलगडून सांगतो.

८० प्लसचा स्टिकर, म्हणजे हे ब्रॉन्झ-गोल्ड, फक्त एकच गोष्ट सांगतो, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. ११५ व्होल्टच्या टेस्टमध्ये निम्म्या लोडवर ब्रॉन्झला ८५ टक्के पाहिजेत, गोल्डला ९०. २३० वर दोन्ही थोडे अजून बरे चालतात. हिशोब करू, २५० वॅटचं काम, ब्रॉन्झ भिंतीतून २९४ घेईल, गोल्ड २७८. फरक १६ वॅट. रोज पाच तास पूर्ण लोडवर चालवला तर महिन्याला २.४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर २४ रुपये. दोन हजार वसूल व्हायला सात वर्षं. तेव्हा बिल वाचेल म्हणून कोणी गोल्ड घेत असेल तर घेऊ नये.

गोल्ड घ्यायचं दुसरं कारण असतं, ते म्हणजे त्या किमतीत कंपन्या आतले पार्टही चांगले घालतात, १०५ डिग्रीचे कपॅसिटर, चांगल्या बेअरिंगचा पंखा, आणि वॉरंटी सात किंवा दहा वर्षं. कपॅसिटरचं साधं गणित आहे, तापमान १० डिग्रीने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये चाळिशीला पारा टेकतो, पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर विचारू नका. पण हे स्टिकरवरून सिद्ध होत नाही, चांगला ब्रॉन्झ सुमार गोल्डपेक्षा जास्त टिकलेला मी बघितलाय. स्टिकरची टेस्टसुद्धा २३ डिग्रीच्या आसपासच्या खोलीत होते, आपल्या मे महिन्यात नाही.

म्हणून ब्रँड नाही, सीरिज बघा. बऱ्याच कंपन्या स्वतः एसएमपीएस बनवतच नाहीत, कोर्सेअर दुसऱ्यांकडून बनवून घेते, कोणती सीरिज सीडब्ल्यूटीकडून, कोणती एचईसीकडून. सीसॉनिक स्वतः बनवते आणि दुसऱ्यांनाही देते. त्यामुळे एकाच नावाखाली एक सीरिज उत्तम आणि दुसरी जेमतेम असं होतं. जे मॉडेल मिळतंय त्याचा पूर्ण नंबर सर्च करा, नेटवर टियर लिस्ट म्हणून दर्जाच्या पायऱ्या लावलेली यादी असते त्यात कुठे बसतं बघा, एसएमपीएस तपासणाऱ्या सायबेनेटिक्सच्या साइटवर त्याचा टेस्ट रिपोर्ट मिळतो का बघा. त्या रिपोर्टमध्ये रिपल म्हणून आकडा असतो (व्होल्टेज किती थरथरतं त्याचा), १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत हवा, चांगल्यांचा चाळीस-पन्नासच्या आतच असतो. तो आकडा मला स्टिकरपेक्षा जास्त सांगतो.

वॉरंटीचे आकडेही बोलके असतात. कोर्सेअरच्या सीएक्सला पाच वर्षं, आरएमएक्सला दहा. सीसॉनिक फोकस जीएक्सलाही दहा. कंपनी स्वतःच्या मालावर किती वर्षं पैज लावते ते कळतं.

तुमच्यासाठी ५५० किंवा ६५०, ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटीवाला, टियर लिस्टमध्ये मधल्या पायरीच्या वर असलेला. ६५० पाचशे-सहाशे रुपयांनीच महाग मिळत असेल तर ६५० घ्या, उद्या २०० वॅटचं कार्ड लावलंत तरी पुरेल. मॉड्युलर नसला तरी बिघडत नाही, वायरी मागे बांधून टाका.

घेताना जीएसटीचं बिल घ्याच, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, डब्यावरचा आणि एसएमपीएसवरचा नंबर जुळतो का तिथेच बघा. आणि पुण्यात सर्व्हिसला कुठे द्यायचा ते विचारून घ्या, नाहीतर कुरिअरने मुंबईला पाठवत बसावं लागतं.

सिंहगडरोड_वायरमन

सगळे एसएमपीएसवर बोलतायत पण ताईंनी शेवटी लिहिलेलं कोणी धरलंच नाही. मी घरगुती वायरिंगची कामं करतो, तीस वर्षं होतील.

मुली, झिणझिण्या येतात ह्याचा अर्थ तुमच्या पीसीला अर्थिंग मिळत नाहीये. एसएमपीएसच्या तोंडाशीच दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. ते लाइनमधला कचरा गाळून अर्थला सोडतात. अर्थ जोडलेली असेल तर ते मुकाट्याने निघून जातं. नसेल तर कॅबिनेट दोघांच्या मधोमध लटकतं, म्हणजे जवळपास ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण ज्या दिवशी आत खरंच फेज बॉडीला टेकेल त्या दिवशी फ्यूज जाणार नाही, ते सगळं हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल. चप्पल हा उपाय नाही. आईंना सांगा की तोपर्यंत त्या पीसीला कोणी हात लावू नका, प्लग काढून ठेवा.

दहा हजारांचा एसएमपीएस लावलात तरी अर्थिंगशिवाय हेच होणार, उलट चांगल्यात हे कपॅसिटर नक्की असतात. आणि स्पाइक गार्ड घेतलात तर त्याचंही निम्मं काम अर्थवरच चालतं.

चांगल्या वायरमनला बोलवा आणि मीटरने तीन आकडे घ्यायला सांगा, तुमच्यासमोर. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन २३० च्या जवळपास, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ कमी किंवा भलतंच काही दाखवत असेल तर अर्थ तुटलेली आहे. स्वतः करू नका.

अजून एक, हे फार कळकळीने सांगतो. काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात आणि म्हणतात झालं काम, झिणझिण्या बंद. बंद होतातही. पण वर कुठे न्यूट्रल तुटली की तुमच्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, पंखा बंद दिसतो म्हणून माणसाला वाटतं लाइट गेली आणि तो हात लावतो. असा माणूस असेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

रात्रपाळी

काका, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. आमच्याही पीसीला येतात झिणझिण्या. उद्याच बघतो.

धायरीफाटा

काका, तुमचं वाचून तेव्हाच प्लग काढला. काल वायरमन येऊन गेले, मी कागदावर आकडे लिहून घेतले. भिंतीतल्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ २३३, न्यूट्रल-अर्थ १.४. म्हणजे भिंत बरोबर! मग त्यांनी आमचा एक्स्टेंशन बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनचं, प्लग तीन पिनचा, आणि मधली वायर दोनच तारांची. वरचं मोठं भोक नुसतंच भोक, मागे काही जोडलेलंच नाही. हा बोर्ड आम्ही सहा वर्षं वापरतोय, त्यावर आधी मिक्सरही लावायचो. आई एकदम गप्प झाली.

त्यांनी तीन तारांची १.५ स्क्वेअरची वायर टाकून नवा बोर्ड बनवून दिला. जुना पीसी लावला, अनवाणी उभं राहून हात लावला (त्यांनी आधी लावला), काही नाही.

इन्व्हर्टरचं मात्र राहिलंच. मागे एक स्विच आहे, यूपीएस आणि नॉर्मल असं लिहिलंय. आमचा साइन वेव्ह आहे असं बाबा म्हणतात.

सिंहगडरोड_वायरमन

शाब्बास. हे दोन तारांचे बोर्ड घरोघरी आहेत, मी दर आठवड्याला एखादा कापून टाकतो.

सोल्डरगन

वाचून बरं वाटलं.

इन्व्हर्टर खरंच साइन वेव्ह (घरच्या लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा) असेल तर चालेल, डब्यावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते बघून घ्या, बाबांच्या आठवणीवर नको. स्क्वेअर वेव्ह असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस कधी चालतो, कधी गुरगुरतो, कधी लाइट जाताक्षणी बंद पडतो. स्विच यूपीएसवर ठेवा. लाइट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरने लाइन उचलायला हवी. यूपीएस मोडमध्ये तो तेवढ्यात उचलतो, नॉर्मलमध्ये उशीर होतो आणि पीसी रिस्टार्ट. शिवाय नॉर्मलमध्ये तो बाहेरचं व्होल्टेज फार खाली-वर गेलं तरी तसंच आत सोडतो.

आणि लाइट गेल्यावर रेंडर चालू ठेवू नका. बॅटरीवर घरचे पंखे-दिवेही आहेत. सेव्ह करून बंद, एवढंच इन्व्हर्टरचं काम. वेगळा छोटा यूपीएस घ्यायचा विचार असेल तर व्हीए नाही, वॅट बघा, ६०० व्हीएचा बऱ्याचदा ३६० वॅटचाच असतो. तुमच्या अडीचशेला मॉनिटर धरून तो काठावर पुरेल.

धायरीफाटा

घेतला! ६५० वॅट, ब्रॉन्झ, पाच वर्षं वॉरंटी, सेमी मॉड्युलर. ५५० पेक्षा चारशे रुपये जास्त पडले. १२ व्होल्टखाली ५४ अँपिअर, दुकानात मोबाइलवर गुणाकार केला, ६४८. दुकानदार स्वतः डोकावून बघत होता. सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. रॅम सध्या १६ चीच घेतली, दुसरी पट्टी दिवाळीला.

रविवारी जोडला, भाऊ आणि मी मिळून, सकाळी दहाला बसलो ते दुपारी अडीचला पहिल्यांदा स्क्रीन आली. एसएमपीएस खाली बसतो म्हणून त्याचा पंखा खाली जाळीकडे ठेवलाय, बरोबर ना? कॅबिनेट जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवलंय.

एक शेवटचं. ग्राफिक कार्डाची वायर जरा आखूड पडतेय, ताणून बसवलीये. भावाच्या मित्राकडे त्याच्या जुन्या मॉड्युलर एसएमपीएसची लांब वायर पडून आहे, दोन्ही टोकं अगदी सेम दिसतात. ती लावू का?

सोल्डरगन

नको! अजिबात लावू नका, आणि भावालाही आत्ताच सांगा.

कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर काय येणार ह्याचं काही स्टँडर्ड नाही. प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी एकाच कंपनीच्या दोन सीरिजचं वेगळं. प्लग आत बसतो, खटका लागतो, आणि जिथे ग्राउंड हवं तिथे १२ व्होल्ट येतात. असे गेलेले एसएसडी आणि कार्डं आलीयत माझ्याकडे, त्यांना काही करता येत नाही.

वायर कॅबिनेटच्या मागच्या बाजूने न नेता खालच्या भोकातून सरळ वर काढून बघा, दहा-बारा सेंटीमीटर मिळतील. तरी ताण पडत असेल तर तुमच्या मॉडेलच्या नावाने कंपनीचीच वायर मागवा किंवा कार्डाच्या बाजूने जोडायचं जाड वायरचं एक्स्टेंशन घ्या. पंखा जाळीकडे खाली, बरोबर आहे. ती जाळी महिन्यातून एकदा काढून झटका, धायरीत धूळ बेसुमार आहे.

धायरीफाटा

खालच्या भोकातून काढली, सैल बसली. मित्राची वायर परत दिली.